‘गहू बंद कर’ म्हणण्याआधी: तीन पेपर आणि एक चूक

दोन वर्षांपूर्वी मी माझ्या मावसबहिणीला छातीठोकपणे सांगितलं होतं, “ताई, तू गहू बंद कर.” तिचं पोट सतत फुगायचं. मी नुकतीच पीएच.डी.ला लागले होते आणि माझ्या हातात एक पेपर होता. पाच महिन्यांनी ती डॉक्टरांकडे गेली. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “सध्या गहू खाता का?” ती म्हणाली, “नाही, बहिणीने बंद करायला सांगितलाय.”

इथे घोळ झाला. सीलिॲक आजाराच्या रक्तचाचणीत ज्या अँटीबॉडी मोजतात, त्या ग्लुटेन बंद केल्यावर हळूहळू कमी होतात. म्हणजे आजार असला तरी रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. बिचारीला चाचणीसाठी पुन्हा काही आठवडे रोज पोळी खावी लागली, पोटदुखीसकट. सीलिॲक निघाला नाही, हे नशीब. पण मी तो पेपर नेमका कुठे चुकीचा वाचला, हे तुमच्यासमोर मांडायचंय. कारण ही चूक तुम्हीही करू शकता.

तो पेपर 2011चा, ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटाचा. आयबीएस असलेले, पण सीलिॲक नसलेले 34 जण. काहींना ग्लुटेन घातलेला ब्रेड आणि मफिन, काहींना बिनग्लुटेनचा. कोणाला काय मिळतंय हे ना रुग्णांना माहीत, ना संशोधकांना. त्रास आटोक्यात नाही असं सांगणारे ग्लुटेन गटात 68 टक्के, प्लासिबो गटात 40 टक्के. मी 68 वाचलं आणि थांबले. 40कडे बघितलंच नाही. ज्यांना ग्लुटेन दिलंच नव्हतं, त्यांच्यातही दहापैकी चौघांचा त्रास सुरूच होता! मग बाकीच्या आहारात काय होतं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता.

तो प्रश्न पडला त्याच गटाला. 2013च्या अभ्यासात त्यांनी 37 जणांना आधी दोन आठवडे कमी फॉडमॅपचा आहार दिला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट शोषली न जाणारी आणि मोठ्या आतड्यात आंबणारी कर्बोदकं. सगळ्यांना बरं वाटलं. मग प्रत्येकाला आळीपाळीने जास्त ग्लुटेन, कमी ग्लुटेन आणि नुसतं व्हे प्रोटीन दिलं. त्रास तिन्ही वेळा साधारण सारखाच वाढला. खास ग्लुटेनमुळे त्रास झाला असं दिसलं ते फक्त 8 टक्के लोकांत. स्वतःच्याच निष्कर्षाला असं तपासायला उभं करणं, हे मला या दोन्ही पेपरमधलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं.

तिसरा पेपर 2018चा, नॉर्वेतला. स्वतःहून ग्लुटेन सोडलेले 59 जण. त्यांना आठवडाभर ग्लुटेनचे, आठवडाभर फ्रुक्टानचे आणि आठवडाभर प्लासिबोचे म्यूसली बार दिले. फ्रुक्टान हे गव्हातलं, कांद्यातलं, लसणातलं एक फॉडमॅप. सर्वाधिक त्रास फ्रुक्टानच्या आठवड्यात झाला असे 24 जण, ग्लुटेनच्या आठवड्यात 13. “दोषी ग्लुटेन नाही, फ्रुक्टान” असा मथळा इथून निघतो. पण उरलेले 22 कुठे गेले? त्यांना सर्वाधिक त्रास प्लासिबोने झाला. 24 आणि 22. आता तो मथळा पुन्हा वाचा. सरासरीत फरक आहे, तो खोटा नाही. पण समोर बसलेल्या एका माणसाला काय बाधतं, हे सरासरी सांगत नाही. शिवाय ‘आता त्रास होणार’ ही धास्तीही त्रास देते.

मग बाजारात गेल्यावर काय करायचं? हल्ली सरसकट सल्ला मिळतो, “कमी प्रक्रिया केलेलं खा.” ब्राझीलच्या कार्लोस मोन्तेरो यांच्या गटाने मांडलेल्या नोव्हा वर्गीकरणातून ही भाषा आली. एकूण आहारासाठी तो सल्ला वाईट नाही. पण नोव्हा प्रक्रिया किती आणि कशासाठी केली ते बघतं; तुमचं पोट कुठला रेणू आलाय ते बघतं. लसूण, कांदा, राजमा नोव्हाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत ‘चांगल्या’ गटात येतात आणि फॉडमॅप बाधणाऱ्याला तेच छळतात. उलट कडधान्य भिजवून पाणी फेकणं, पीठ बराच वेळ आंबवणं याही प्रक्रियाच आहेत, आणि त्यांनी फॉडमॅप कमी होतात.

ज्याला खरोखर सीलिॲक आहे, त्याचा हिशोब आणखी वेगळा. ज्वारीत ग्लुटेन नसतं. पण कोपऱ्यावरच्या गिरणीत त्याच जात्यावर आधी गहू दळला असेल, तर ते घरगुती पीठ त्याला चालणार नाही. भारतात ‘ग्लुटेन फ्री’ लिहायला किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तसं लिहिलेलं पाकीट इथे जास्त भरवशाचं. पण त्याच लेबलची बिस्किटं स्टार्च, साखर आणि तेलाची असू शकतात. ते लेबल ग्लुटेनबद्दल बोलतं, पोषणाबद्दल नाही. डबीतल्या हिंगाचे घटकही वाचा, पुष्कळदा त्यात गव्हाचं पीठ असतं. ‘हाय फायबर’ बारमध्ये ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी’ दिसलं तर ते फ्रुक्टानच आहे, बरं का.

तर, उद्या एखादा पेपर वाचून कोणाला सल्ला द्यावासा वाटला, तर आधी वहीत तीन ओळी लिहा. कंट्रोल गटाचं काय झालं? अभ्यास सुरू होण्याआधी हे लोक काय खात होते? आणि मी ज्याला सांगतोय, तो या लोकांसारखा आहे का? माझी ताई तिसऱ्या प्रश्नातच बाद झाली असती. 2011च्या पेपरमधल्या लोकांना सीलिॲक नाही हे आधी तपासलं होतं. तिचं तपासलंच नव्हतं, आणि हे मेथड्समध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं.

ताई आता पोळी खाते. आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली एकेक पदार्थ बंद-चालू करून बघितल्यावर कच्चा कांदा आणि लसूण कमी केलाय. मला मात्र अजून ‘आमच्या शास्त्रज्ञ’ म्हणते, आणि ते कौतुकाने नव्हे.