पैठणच्या रेड्याची साक्ष

श्रावण लागला की आमच्या नगर जिल्ह्यात अद्यापि कित्येक घरांतून ‘भक्तविजया’ची पोथी बाहेर निघते. तिचे कर्ते महिपती (१७१५–१७९०) हे याच जिल्ह्याचे; राहुरी तालुक्यातील ताहाराबाद हे त्यांचे गाव, आणि ग्रंथ पुरा झाला तो १७६२ साली. आमच्या बालपणी घरी पोथी चाले तेव्हा श्रोत्यांचे डोळे पाणावत ते बहुतकरून एखादे मुके जनावर कथेत येई तेव्हा. पैठणचा रेडा आणि नामदेवांचा कुत्रा यांच्या कथा ज्यास ठाऊक नाहीत असा मराठी मनुष्य विरळा. या कथांवर बोलताना कीर्तनकार व प्राध्यापक दोघेही भूतदया आणि अद्वैत या दोन शब्दांवर येऊन थांबतात. आम्ही स्वतः वर्गात पुष्कळ वर्षे तेच केले. परंतु अलीकडे एक निराळाच प्रश्न आमच्या मनात घर करून बसला आहे. एका माणसाने दुसऱ्याशी बरे वर्तन केले की वाईट, हे बाजूस उभ्या असलेल्या जनावरास कळते काय? आणि कळत असेल, तर आमच्या वाङ्मयाने त्याची साक्ष कधी घेतली आहे काय?

रेड्याच्या कथेत तर प्रकरणच मुळी न्यायनिवाड्याचे आहे. संन्याशाची म्हणून वाळीत पडलेली चार पोरकी भावंडे शुद्धिपत्र मागावयास पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी आहेत. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे ज्ञानदेव म्हणतात. तेवढ्यात वाटेने एक रेडा जातो. कोणी म्हणतो, याचेही नाव ज्ञानाच आहे. त्याच्या पाठीवर आसूड पडतो आणि वळ उठतात ते ज्ञानदेवांच्या अंगावर. पुढे रेड्याच्या मुखातून वेद निघतात, सभा निरुत्तर होते, आणि भावंडांचा मार्ग नेवाशाकडे मोकळा होतो. तेथेच शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली.

कथा म्हणून हिची थोरवी आम्हांस मान्यच आहे. माणसांची न्यायबुद्धी जेथे आंधळी झाली तेथे साक्षीस जनावर बोलवावे, ही कल्पनाच मोठी धारदार आहे. पण हा साक्षीदार बोलतो काय, तर वेद. म्हणजे न्यायाधीशांचीच भाषा. वस्तुतः त्या सभेत त्याच्याइतका जाणता साक्षीदार दुसरा नव्हता. आसूड कोणी उगारला आणि तो कोणी आपल्या अंगावर घेतला, हे त्याने जवळून पाहिले होते. तेवढे मात्र त्यास कोणी विचारले नाही. रेड्यास वाचा मिळाली खरी, पण ती त्याची स्वतःची नव्हे.

नामदेवांच्या कुत्र्याची कथा या दृष्टीने अधिक सूक्ष्म आहे. कुत्रा पोळी घेऊन पळतो. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात. आणि ते जसजसे धावतात तसतसा कुत्रा पुढे पळतो. येथे कथाकाराची नजर अगदी अचूक आहे. मागे धावणाऱ्या माणसाच्या हातात वाटी आहे की काठी, याची चौकशी करीत थांबणारा कुत्रा आम्ही पाहिलेला नाही. मनुष्य हेतूवरून स्वतःस निर्दोष ठरवितो; कुत्रा आजवरच्या वर्तनावरून मनुष्यजातीस दोषी ठरवितो. या एका धावपळीत केवढे नाट्य आहे! परंतु ते रंगात येते न येते तोच कुत्र्याच्या ठायी साक्षात् विठ्ठल प्रकट होतो, आणि आमचा न्यायाधीश न्यायासनावरून उठून देव्हाऱ्यात जाऊन बसतो.

ही खोड एकट्या महिपतींची नव्हे. युधिष्ठिराबरोबर महाप्रस्थानास निघालेला कुत्रा शेवटी धर्म ठरतो. आश्वमेधिक पर्वातील मुंगूस तर खरोखरीचे न्यायाधीश. कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाने, त्याच्या बायकोने, मुलाने आणि सुनेने आपापल्या वाट्याचे सातूचे पीठ अतिथीस दिले, ते या मुंगुसाने पाहिले. सांडलेल्या पिठात लोळून त्याचे अर्धे अंग सोन्याचे झाले. आणि उरलेले अर्धे युधिष्ठिराच्या यज्ञात काही केल्या सोन्याचे होईना, हे त्याने भर सभेत हसून सांगितले. चक्रवर्ती राजाच्या तोंडावर असा निकाल देणारा प्राणी वाङ्मयात दुसरा असला तर आम्हांस ठाऊक नाही. पण महाभारत लगेच खुलासा करते की ते मुंगूस नव्हतेच. शाप भोगणारा क्रोध होता तो. जनावराने न्याय दिला की त्याचे जनावरपण काढून घ्यावयाचे, हा जणू दंडकच पडून गेला. पंचतंत्रात रीत उलटी, पण परिणाम तोच: दमनकाचे कातडे तेवढे कोल्ह्याचे, आत बसला आहे तो राजदरबारी मंत्री.

आता कोणी म्हणेल, जनावरास असली जाण नसतेच, मग कवीने तरी काय करावे? हा आक्षेप पूर्वी बिनतोड वाटला असता. आज वाटत नाही. जपानातील क्योतो येथील संशोधकांनी हाच प्रश्न सरळ जनावरांपुढे ठेवून पाहिला. कापुचिन माकडांसमोर एका माणसाने दुसऱ्याकडे डबा उघडण्यास मदत मागितली आणि दुसऱ्याने ती नाकारली. नंतर दोघांनी खाऊ पुढे केला, तेव्हा नाकारणाऱ्याच्या हातून घेण्यास माकडे नाखूश दिसली. हा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. २०१५ साली कुत्र्यांवरचा आला: ज्याने धन्यापासून तोंड फिरविले, त्याचा खाऊ कुत्रे टाळू लागले. गंमत अशी की, धन्यास मदत करणाऱ्याकडे मात्र त्यांनी विशेष ओढा दाखविला नाही. तो आणि तटस्थ बसलेला मनुष्य त्यांस सारखेच. मांजरांनी तर २०२१ च्या प्रयोगात कोणास टाळलेच नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांस याचे नवल वाटू नये.

सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट बोनोबो वानरांची. आपसांत सौम्य म्हणून नावाजलेल्या या जातीने २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मदत करणाऱ्यापेक्षा आडकाठी करणाराच अधिक पसंत केला. आडवे येणारा तो बलवान, आणि बलवानाशी सख्य बरे, असा त्यांचा हिशेब असावा अशी उपपत्ती पुढे आली आहे. म्हणजे जनावर न्याय करीत असले तरी त्याचे धर्मशास्त्र आपल्या धर्मशास्त्राबरहुकूम असेलच असे नाही. आपल्या सज्जनपणाचा दाखला जनावराकडून मिळावा ही माणसाची फार जुनी हौस; बोनोबो ती पुरवीत नाही.

‘जनावर माणूस ओळखते’ असे आमच्याकडील शेतकरी म्हणतो, ते आम्ही आजवर त्या हौसेचेच एक रूप समजत होतो. नेवासे तालुक्यात घोडेगावचा जनावरांचा बाजार आहे. तेथे एकदा एक दलाल शेजारच्या दावणीच्या म्हशीस काठीने ढोसून, शेपूट पिरगाळून उठवीत होता. मग तो आमच्या ओळखीच्या एका वृद्ध शेतकऱ्याच्या म्हशीपुढे हिरवा चारा घेऊन आला. म्हशीने मान फिरविली. शेतकरी शांतपणे म्हणाला, “तिनं पाह्यलंय.” म्हशीचे पोट भरलेले असेल, किंवा त्या माणसाचा वास तिला आवडला नसेल, एका म्हशीवरून शास्त्र होत नाही. तथापि “तिनं पाह्यलंय” या दोन शब्दांत जे आहे, तेच आम्ही आमच्या पोथ्यांत शोधीत होतो.

आधुनिक लेखकांपैकी व्यंकटेश माडगूळकर यांनी ‘सत्तांतर’ (१९८२) मध्ये वानरांच्या टोळ्या वानर म्हणूनच रंगविल्या. त्यात देव नाही आणि मंत्रीही नाही. मराठी गद्यास ही फार मोठी देणगी आहे. तरीही तेथे पाहणारे आपण आहोत. सत्तेची झटापट चालू असता फांदीवर स्वस्थ बसून ती पाहणारे वानर मनाशी काय ठरविते, हे कोणी लिहावे अशी आमची अपेक्षा राहतेच; कदाचित ती अवाजवी असेल.

जुन्नर तालुक्यात आळे येथे रेड्याची समाधी दाखवितात. आम्ही दोनदा तेथे गेलो. येणारे भाविक हात जोडून त्याने म्हटलेल्या वेदांची गोष्ट मुलांस सांगत होते. आसुडाचा विषय कोणाच्याही तोंडून निघाला नाही.