डेथ : एकाच माणसाचा बँड?

आज ज्या बँडबद्दल बोलायचं आहे, त्याचं नावच 'डेथ'. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये १९८३ साली चक शुल्डिनर या सोळा वर्षांच्या मुलानं मित्रांबरोबर तो सुरू केला. तेव्हा नाव होतं 'मँटास'. पुढे १९८७ ते १९९८ या काळात सात अल्बम आले. आणि बघा, या सातांपैकी कुठल्याही दोन अल्बमवर तोच संच नाही. म्हणून चाहते म्हणतात, डेथ म्हणजे चक, बाकीचे येणारे-जाणारे. मला हे अर्धंच खरं वाटतं.

आधी खरा भाग. गाणी चकची, आवाज चकचा, शेवटचा शब्दही त्याचाच. 'स्क्रीम ब्लडी गोअर' या पहिल्या अल्बमवर गिटार, बेस, गायन सगळं त्यानंच केलं. ड्रमवर तेवढा क्रिस रायफर्ट. १९९० साली तर ऐन युरोप दौऱ्याच्या तोंडावर त्यानं जायला नकार दिला. ड्रमर बिल अँड्र्यूज आणि बेसवादक टेरी बटलर बदली माणसं घेऊन गेले, आणि त्या दौऱ्यानंतर दोघांचीही बँडमधली जागा गेली. चक शहाण्यासारखा वागला, असं मी म्हणणार नाही.

पण पुढच्याच वर्षी 'ह्यूमन' आला. तो जरूर ऐका. १९८८च्या 'लेप्रसी'त अँड्र्यूजचा ड्रम सरळ ठोका धरून चालतो. 'ह्यूमन'वर 'सिनिक' बँडमधले दोघं आले : गिटारवर पॉल मास्विडल, ड्रमवर शॉन रायनर्ट. रायनर्टच्या हातात जॅझ-फ्यूजन मुरलेलं. पायांचा वेग राक्षसी, आणि वर झांजांवर मात्र नाजूक कलाकुसर. १९९३च्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'मध्ये स्टीव्ह डिजॉर्जिओचा फ्रेटलेस बेस गिटारमागे लपत नाही, तिच्याशी बोलतो. याला नुसती साथसंगत कशी म्हणायची? समोर कोण बसलंय, त्यावर चकची झेप ठरत होती, असं मला वाटतं.

या अदलाबदलीची किंमतही होती. नवा माणूस नवं धाडस आणतो, पण मुरायला वेळ लागतो. ड्रमर जीन होग्लन सलग दोन अल्बम टिकला, आणि त्यातला दुसरा, १९९५चा 'सिंबॉलिक', मला डेथचा सगळ्यात समतोल अल्बम वाटतो. तिथं कुणाला काही सिद्ध करायची घाई नाही. वेग आहे, तसा श्वासही आहे. हा योगायोग नसावा.

डिसेंबर २००१मध्ये मेंदूतल्या गाठीनं चक गेला. वय अवघं चौतीस. बँड खरंच त्याच्या एकट्याचा असता, तर संगीत तिथंच थांबलं असतं. पण २०१२पासून 'डेथ टू ऑल' या नावानं ही गाणी मंचावर वाजतायत. वाजवणारे कोण? होग्लन, डिजॉर्जिओ असे जुनेच लोक. ज्यांना आपण येणारे-जाणारे म्हणत होतो, तेच.