अमेरिकेंतील पुनर्रचनेचा काल : बखर आणि अस्सल कागद

डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस ह्यांचा ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन इन अमेरिका’ हा सातशेंहून अधिक पृष्ठांचा ग्रंथ १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें, त्याच वर्षीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली, आणि सुमारें चाळीस लक्ष दास मुक्त झाले. तेथपासून १८७७ पर्यंतच्या बारा वर्षांस ‘पुनर्रचनेचा काल’ म्हणतात, व त्याचाच हा इतिहास आहे. इतक्या जुन्या व दूरदेशच्या ग्रंथाचा परामर्श ह्या पानांत घेण्यास एक कारण आहे. बखर प्रमाण मानावी कीं अस्सल कागद, हा जो वाद कै. राजवाडे ह्यांनीं आपल्याकडे उभा केला, त्याच जातीचा हा वाद आहे. फरक इतकाच कीं, तेथें लाखों माणसांचा मताधिकार त्या वादांत गुंतलेला होता.

डु बॉईस ह्यांच्यापूर्वीचा सर्वमान्य इतिहास कोलंबिया विद्यापीठांतील प्रो. डनिंग व त्यांचे शिष्य ह्यांनीं रचिलेला. डनिंग ह्यांचा ग्रंथ १९०७ सालचा. अडाणी मुक्तदासांस मत देणें ही घोडचूक झाली, तींतून लाचलुचपत माजली, आणि जुन्या मालकवर्गानें सत्ता परत घेऊन दक्षिण प्रांत सांवरला, असा त्या संप्रदायाचा एकंदर सूर. ह्या मंडळींनीं कागद पाहिलेच नाहींत असें म्हणणें अन्यायाचें होईल. राज्याराज्यांचीं दप्तरें त्यांनीं चाळलीं. परंतु साक्षीदार निवडले ते बहुधा एकाच बाजूचे. पाइक नांवाच्या बातमीदाराचें दक्षिण कॅरोलिनावरील १८७४ चें पुस्तक प्रमाण ठरलें. कु क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांविषयीं काँग्रेसच्या समितीनें घेतलेल्या जबान्या १८७२ सालीं तेरा खंडांत छापून तयार असतां, त्यांतील मार खाल्लेल्या मुक्तदासांचें बोलणें मात्र विश्वसनीय वाटलें नाहीं. मिसिसिपी राज्यानें १८९० सालीं नव्या घटनेच्या द्वारें कृष्णवर्णीयांचें मत काढून घेतलें, इतर राज्यांनीं तोच कित्ता गिरविला, आणि पुढें ह्या इतिहासानें त्या कृत्यावर विद्वत्तेचा शिक्का मारला. तें मत खरोखर परत मिळण्यास १९६५ चा कायदा यावा लागला.

डु बॉईस ह्यांचें शेवटचें प्रकरण ह्या संप्रदायाची झडतीच आहे, व तें आजहि वाचनीय आहे. मुक्तदासांच्या मतांवर निवडून आलेल्या विधिमंडळांनीं दक्षिणेंत सार्वजनिक शाळांचा पाया घातला, हें त्यांनीं सरकारी अहवालांवरूनच दाखविलें. पण येथेंच ग्रंथाचें वैगुण्यहि आहे. अस्सल दप्तरें त्यांनीं फारशीं पाहिलीं नाहींत. छापील साधनांवर, प्रसंगीं प्रतिपक्षाच्याच ग्रंथांतील उताऱ्यांवर, काम भागविलें. वेळ, पैसा व संधि असती तर मूळ साधनांकडे जातां आलें असतें, अशी कबुली ते स्वतः देतात. ‘संधि’ ह्या शब्दाचा अर्थ संग्राहकांनीं नीट ध्यानांत घ्यावा. १९३९ सालीं जॉन होप फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय संशोधक उत्तर कॅरोलिनाच्या दप्तरखान्यांत गेले, तेव्हां त्यांच्यासाठीं निराळी खोली तयार करावी लागली आणि दप्तराच्या किल्ल्या त्यांच्याच हातीं देण्यांत आल्या. गोऱ्या संशोधकांनीं तक्रार केली कीं ह्यास किल्ल्या आणि आम्हांस नाहींत. मग त्या परत घेतल्या गेल्या! दप्तरदारांचे अनुभव आपल्यापैकीं पुष्कळांच्या गांठीं असतील, पण हा प्रकार निराळाच.

न पाहिलेल्या त्या दप्तरांत काय होतें? मुक्तदासांच्या व्यवस्थेसाठीं मार्च १८६५ मध्यें जनरल हॉवर्ड ह्यांच्या हाताखालीं एक सरकारी खातें निघालें होतें. त्याचे मजुरीचे करारनामे, तक्रारींचीं बुकें, विवाहाच्या नोंदी आजहि शिल्लक आहेत. सहीच्या जागीं फुलीची निशाणी असलेले कागद त्यांत विपुल. जनरल शर्मन ह्यांनीं जानेवारी १८६५ मध्यें समुद्रकांठची जमीन मुक्तदास कुटुंबांस, प्रत्येकीं चाळीस एकरपर्यंत, नेमून दिली. अध्यक्ष जॉन्सन ह्यांनीं मालकांस माफी देऊन ती परत करविली. एडिस्टो बेटावर ऑक्टोबरांत ही वार्ता सांगण्याचें कडू काम हॉवर्ड ह्यांच्याच वांट्यास आलें. तेथील तिघांच्या समितीनें त्यांस उलट लिहिलें : मला झाडास बांधून फटके मारणारास मीं क्षमा करावी, आणि जमीनहि त्यासच मिळावी, हें कसें? अर्जदारांचा हा युक्तिवाद डनिंगच्या ‘अडाणी’ मुक्तदासाशीं ताडून पाहावा.

मेरीलंड विद्यापीठांतील संपादकमंडळ १९८२ पासून अशा कागदांचे खंड छापीत आलें आहे. त्यांवरून डु बॉईस ह्यांचें मुख्य प्रतिपादन टिकतें. मात्र युद्धकाळांत मळे सोडून गेलेल्या दासांच्या कृतीस त्यांनीं ‘सार्वत्रिक संप’ हें नांव दिलें, तें मला ओढूनताणून आणलेलें वाटतें. कागद दाखवितात तें असें कीं, एकेक कुटुंब, एकेक मळा, सैन्य किती कोसांवर आलें हें पाहून निघे. दक्षिण कॅरोलिनाच्या प्रकरणास आधीं योजिलेला ‘कृष्णवर्णीय श्रमिकांची हुकूमशाही’ हा मथळा ग्रंथकारांनीं छापण्यापूर्वीं सौम्य केला. हा विवेक संपाच्या बाबतींतहि दाखविला असता तर बरें झालें असतें.

जातां जातां एक नोंद. जोतीराव फुले ह्यांनीं ‘गुलामगिरी’ हें पुस्तक दास्यमुक्तीच्या कार्याबद्दल अमेरिकेंतील सज्जनांस अर्पण केलें, तें १८७३ सालीं. त्याच वर्षीं १३ एप्रिल रोजीं लुइझियानांतील कोलफॅक्स येथें मुक्तदासांची कत्तल झाली होती.