चित्रकलेचे गुण आणि दृष्टीचे शिक्षण

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या २०२३-२४ च्या अभ्यासक्रमात बारावीच्या चित्रकलेस प्रात्यक्षिकाचे ७० गुण होते, ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु त्यांची वाटणी पाहिली म्हणजे एक विसंगती दृष्टीस पडते. निसर्ग व वस्तुचित्रण आणि चित्ररचना यांना प्रत्येकी २५ गुण. कच्च्या रेखाटनापासून पूर्ण चित्रापर्यंतचा वर्षभराचा प्रवास दाखविणाऱ्या चित्रसंग्रहास मात्र अवघे २०. परीक्षेच्या काही तासांत हाताची सफाई कळते. डोळा कसा घडला, हे कळत नाही. एक रचना विद्यार्थ्याने का टाकली व दुसरी का स्वीकारली, याची साक्ष संग्रहच देतो. संग्रहात परकी मदत मिसळते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि त्यावरील उपाय विद्यार्थ्याशी प्रत्यक्ष चर्चा हा आहे, गुण घटविणे हा नव्हे.