परीक्षानळीतला रंग म्हणजे गुण नव्हेत

बेनेडिक्टचे द्रावण आपल्या ओळखीचे आहे. त्या निळ्या द्रावणात ग्लुकोज मिसळून तापवले, की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी ते विटकरी असा रंग येतो. हीच परीक्षा स्वतःच्या लघवीवर घरच्या घरी कशी करावी, हे मधुमेहींना शिकवणारे एक पुस्तक १९१८ साली अमेरिकेत निघाले. लेखक होते बॉस्टनचे डॉ. इलियट जॉस्लिन. हे पुस्तक डॉक्टर आणि रुग्ण या दोघांच्या वापरासाठी आहे, असे त्याच्या नावातच म्हटले होते.

या पुस्तकाचे मोल आम्हांला मोठे वाटते. रुग्णाने मुकाट्याने सांगितलेले करावे, ही तेव्हाची सर्वसाधारण रीत. जॉस्लिन यांनी मात्र त्याच्या हाती तराजू दिला, परीक्षानळी दिली आणि कारणेही सांगितली. इन्शुलिन तेव्हा नव्हते. माणसाला ते प्रथम टोचले गेले १९२२ साली. त्यानंतर तर रुग्णाने हे सारे शिकणे अटळच झाले. साखर आटोक्यात ठेवण्याचा त्यांचा आग्रहही पुढे खरा ठरला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, १,४४१ रुग्णांच्या अभ्यासात असे दिसले, की काटेकोर नियंत्रणामुळे डोळे, मूत्रपिंडे व नसा यांची हानी बरीच टळते.

दोष आहे तो सुरात. जॉस्लिन यांच्या शिकवणीत साखरमुक्त लघवी ही जणू शिस्तीची आणि सचोटीची खूण बनते. इन्शुलिनपूर्व काळात पथ्य हाच एक आधार होता, म्हणून ही कठोरता समजण्याजोगी आहे. पण शास्त्राच्या कसोटीवर हा न्याय टिकत नाही. रक्तातील साखर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच ती लघवीत उतरते. शिवाय मूत्राशयात साठलेली लघवी आत्ताची नव्हे, काही तासांपूर्वीची हकीकत सांगते. ताप किंवा काळजी असली, तर कॉर्टिसॉल, ॲड्रेनॅलिन ही संप्रेरके यकृताला साखर सोडायला लावतात. मग केवळ विटकरी रंग पाहून 'तू पथ्य मोडलेस' असे कसे म्हणता येईल?

आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, की माणूस नको तो आकडा वहीत लिहीत नाही किंवा तपासणीच टाळतो. जी माहिती त्याचे बळ व्हायची, तिचीच त्याला धास्ती वाटते. ही उणीव पुढे जॉस्लिन यांचेच नाव लावणाऱ्या बॉस्टनच्या केंद्रातील संशोधकांनी ओळखली. १९९५ साली त्यांनी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. भीती, अपराधीपणा, एकटेपणा आणि रोजच्या पथ्यपाण्याचा शीण यांची चौकशी तीत आहे.

आज रंगाची जागा ग्लुकोमीटरच्या आकड्याने घेतली आहे. जुना सूर मात्र पुरता गेलेला नाही. आपल्या वर्गात इन्शुलिन घेणारे मूल असू शकते. त्याला तासाच्या मध्येच साखर तपासावी लागेल, ती उतरली तर लगेच काही गोड खावे लागेल. अशा वेळी 'काय खाल्लेस?' असे दरडावण्याऐवजी 'आता काय करायला हवे?' असे आपण विचारावे. उत्तर बहुधा त्यालाच ठाऊक असते. आकडा ही पुढचे पाऊल ठरवण्यासाठीची माहिती आहे. प्रगतिपुस्तकातले गुण नव्हेत.