रक्तस्राव, द्रवोपचार आणि मूत्रपिंड : ‘फर्स्ट’ चाचणीची चिकित्सा

प्रस्तावना :
गंभीर दुखापतीत मोठा रक्तस्राव झाला की रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडाकडील रक्तप्रवाह घटतो आणि तेथील नलिकांच्या पेशी प्राणवायूअभावी मरू लागतात. ही हानी टाळण्यासाठी शिरेवाटे कोणता द्रव द्यावा, हा वैद्यकातील जुना वाद आहे. २०११ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया’त प्रसिद्ध झालेली दक्षिण आफ्रिकेतील ‘फर्स्ट’ चाचणी या वादात महत्त्वाची ठरते. प्रस्तुत लेखात तिच्या निष्कर्षाची चिकित्सा केली आहे.

चाचणीचे योगदान :
या चाचणीत १०९ जखमींमध्ये सलाईन व स्टार्चयुक्त द्रव यांची तुलना झाली. भोसकल्याच्या वा गोळीच्या जखमा असलेल्या ६७ रुग्णांत स्टार्च मिळालेल्यांच्या मूत्रपिंडाला कमी इजा आढळली. प्रत्यक्ष जखमींवर यादृच्छिक पद्धतीने केलेला अभ्यास म्हणून तिचे मोल नाकारता येत नाही.

मर्यादा :
तथापि बोथट आघाताच्या ४२ रुग्णांत असा लाभ दिसला नाही. दुसरे असे की, तुलनेसाठी घेतलेल्या सलाईनमध्ये क्लोराइडचे प्रमाण रक्तातील प्रमाणापेक्षा बरेच अधिक असते. सलाईनपेक्षा सरस ठरणे म्हणजे मूत्रपिंडाचे रक्षण करणे नव्हे. २०१२ च्या ‘चेस्ट’ चाचणीत अतिदक्षता विभागातील सुमारे ७००० रुग्णांपैकी स्टार्च घेणाऱ्या ७.० टक्के, तर सलाईन घेणाऱ्या ५.८ टक्के रुग्णांना डायलिसिससारखे उपचार लागले. त्यांत जखमी अल्पसंख्य होते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यामुळे संशय मिटतो, सुरक्षितता सिद्ध होत नाही. युरोपात २०१३ नंतर तीव्र रक्तस्रावापुरती राखलेली स्टार्चची मुभाही २०२२ मध्ये स्थगित झाली. घातलेली बंधने व्यवहारात पाळली जात नव्हती, हे त्यामागील कारण होते.

मूळ प्रश्न :
‘कोणता द्रव’ या प्रश्नाने ‘रक्तस्राव किती लवकर थांबला’ हा अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. १९९४ च्या ह्यूस्टन येथील अभ्यासात धडावर भेदक जखमा असलेल्या ५९८ रुग्णांपैकी शस्त्रक्रियेपर्यंत द्रव न दिलेले ७० टक्के, तर लगेच दिलेले ६२ टक्के वाचले. २०१० च्या ‘क्रॅश-२’ चाचणीने ट्रानेक्झामिक आम्लामुळे मृत्यू घटतात, हे दाखविले. पुढील विश्लेषणात हा लाभ पहिल्या तीन तासांतच असल्याचे स्पष्ट झाले.

समारोप :
‘फर्स्ट’ चाचणी प्रामाणिक, परंतु लहान आहे. तिच्यावर उपचारपद्धती उभारणे योग्य ठरत नाही. रक्तस्रावाचे वेळीच नियंत्रण, रक्ताची रक्तानेच भरपाई, मोजका द्रव आणि मूत्रपिंडास घातक औषधांचा त्याग यांतच प्रतिबंधाचा खरा मार्ग आहे. गमावलेल्या वेळेची भरपाई कोणत्याही द्रवाने होत नाही.