‘गावगाडा’: खळ्यावरचा हिशोब

त्रिंबक नारायण आत्र्यांचं ‘गावगाडा’ १९१५चं. लेखक महसूल खात्यातले, त्यामुळे खळ्यावरच्या राशीतून सुतार, लोहार, चांभार, महार यांना जाणारं बलुतं ते बारकाईने मांडतात. कुणब्याच्या घरी पोचेपर्यंत राशीला किती हात लागतात ते वाचलं, की ‘स्वयंपूर्ण खेडं’ वगैरे कौतुक आपोआप विरतं. लेखकाचा जीव कुणब्यासाठी तुटतो, आणि तो खरा आहे.

मला अडलं ते पुढे. मेलेलं ढोर ओढणाऱ्या महाराला हे बलुतं कसं वाटत होतं, ते त्याच्या तोंडून येत नाही. (आम्ही सॉफ्टवेअरवालेही युजरला न विचारता असंच डॉक्युमेंटेशन लिहितो.) लगेच दया पवारांचं १९७८चं ‘बलुतं’ काढलं. शब्द तोच, पण इथे तो पसरलेल्या हाताकडून येतो.